नियमित प्रेक्षक आणि त्याचे अभिप्राय

चित्रपटांविषयी मत देणाऱ्यांमध्ये समीक्षक आणि अभ्यासक या दोघांचीच गणना करण्याचा प्रघात आहे. समीक्षक प्रदर्शनापूर्वीच्या खास खेळाला, निमंत्रणावरून आणि चहापानासह चित्रपट पाहतो, त्यामुळे त्याला दिग्दर्शकाची शैली दिसते; अभ्यासक तोच चित्रपट पंधरा वर्षांनी, मध्येमध्ये थांबवत, वही उघडून पाहतो, त्यामुळे त्याला त्यात समाजव्यवस्था दिसते. या दोघांच्या मध्ये जो तिसरा वर्ग स्वतःच्या खर्चाने उभा असतो, त्याची शास्त्रशुद्ध दखल मात्र क्वचितच घेतली गेली आहे. प्रस्तुत विवेचनात या वर्गाला ‘नियमित प्रेक्षक’ असे म्हटले आहे. नियमित प्रेक्षक म्हणजे असा मनुष्य, की जो चित्रपटाला जायचे आधी ठरवतो आणि कोणता चित्रपट लागला आहे हे नंतर पाहतो. नवे चित्रपट शुक्रवारी लागतात म्हणून जो आठवड्याची सुरुवात शुक्रवारपासून मोजतो. आणि ज्याचे कुटुंबीय या दोन्ही गोष्टींना विरोध करून करून आता थकलेले असतात.

अशा प्रेक्षकाला “चित्रपट कसा आहे?” असे विचारल्यावर तो जे सांगतो, त्याचे बारकाईने परीक्षण केले असता असे आढळते, की त्यातला फार थोडा भाग चित्रपटाविषयी असतो. उरलेला भाग वातानुकूलन, पुढच्या रांगेतील उंच गृहस्थ, वाहनतळाचे दर आणि शेजारच्या कुटुंबाने लपवून आणलेला फराळ यांविषयी असतो. समीक्षकांना हे हास्यास्पद वाटते. पण त्यात हसण्यासारखे असेल तर ते एवढेच, की समीक्षकांना ते कळत नाही. चित्रपटगृहात पडदा एक असला तरी चित्रपट दोन चालू असतात, एक पडद्यावर आणि दुसरा खुर्च्यांमध्ये. आणि गेल्या तीन-चार वर्षांतील मराठी चित्रपटांपुरते बोलायचे, तर कित्येकदा दुसऱ्याची पटकथा अधिक बांधीव होती.

खुर्च्यांमधल्या या चित्रपटाला परंपराही आहे. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला, तेव्हा पडद्यावरची माणसे बोलत नसत, त्यामुळे बोलण्याची जबाबदारी साहजिकच प्रेक्षकांवर येऊन पडली: मूकपटात दोन दृश्यांच्या मध्ये अक्षरांची जी पाटी येई, ती वाचता येणारा प्रेक्षक, न येणाऱ्यांच्या सोयीसाठी मोठ्याने वाचून दाखवी. १९३२ मध्ये प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ने मराठी पडद्याला वाचा दिली खरी, परंतु प्रेक्षकाला दिलेली वाचा परत घेण्याची तरतूद कोणी केली नाही. त्यामुळे साक्षरतेचा एवढा प्रसार होऊनही, पडद्यावर “पाच वर्षांनंतर” अशी पाटी उमटली, की मागच्या रांगेतून कोणीतरी आजही “पाच वर्षांनंतर” असे गंभीरपणे जाहीर करतो, आणि ते ऐकून त्याच्या शेजारची बाई “हो का?” म्हणते.

या वाचकाचाच आधुनिक अवतार म्हणजे ‘संबंधशोधक’. पडद्यावर येणारा प्रत्येक नट यापूर्वी कोणत्या मालिकेत कोणाचा कोण होता, हे तो येताक्षणी सांगणारी व्यक्ती, अशी या संज्ञेची व्याख्या करता येईल. परेश मोकाशी यांचा ‘वाळवी’ हा जानेवारी २०२३ मध्ये आलेला चित्रपट या दृष्टीने अभ्यासण्याजोगा ठरला. बायकोचा खून करून तो आत्महत्येसारखा दिसावा, अशी योजना नवरा आणि त्याची प्रेयसी मिळून आखतात आणि ती योजना आतून पोखरली जाते, असे त्याचे कथानक आहे. त्यातील बायकोची भूमिका अनिता दाते यांनी केली आहे, आणि याच अनिता दाते ‘माझ्या नवऱ्याची बायको’ या मालिकेत कित्येक वर्षे, रोज संध्याकाळी जेवणाच्या वेळी, नवऱ्याच्या बाहेरख्यालीपणाला तोंड देत होत्या. त्यामुळे चित्रपट सुरू झाल्यावर काही मिनिटांतच सभागृहाच्या निरनिराळ्या भागांतून “बिचारी, इथेही तेच” असा सुस्कारा ऐकू आला, आणि प्रेक्षकांची सहानुभूती मिळवण्यासाठी दिग्दर्शकाला जे श्रम घ्यावे लागले असते, ते एका दूरचित्रवाहिनीने आधीच घेऊन ठेवले असल्याचे सिद्ध झाले. ‘वाळवी’चा विनोद हा कृष्णविनोद, म्हणजे मृत्यू, अपघात, प्रेत अशा रडण्याच्या विषयांवर हसवणारा विनोद आहे, आणि तो फार चांगला साधलेला आहे. अडचण एवढीच, की मराठी प्रेक्षक प्रेताच्या उपस्थितीत हसण्यापूर्वी आणखी कोणी हसते आहे का, हे पाहून घेतो. त्यामुळे सभागृहातला हशा पडद्यावरच्या विनोदापेक्षा दोन-तीन वाक्ये मागे चालत राहिला, आणि पुढची दोन-तीन वाक्ये त्यात बुडाली. ती ऐकण्यासाठी चित्रपट पुन्हा पाहणारे अनेक निघाले, हा निर्मात्यांचा अनपेक्षित लाभ म्हणावा लागेल.

हसण्याच्या बाबतीत असा कोणताही संकोच न दाखवणारा प्रेक्षकवर्ग त्याच वर्षी ३० जून रोजी अवतरला. केदार शिंदे यांचा ‘बाईपण भारी देवा’ हा सहा बहिणींचा आणि त्यांनी भाग घेतलेल्या मंगळागौरीच्या स्पर्धेचा चित्रपट. मंगळागौर म्हणजे नवविवाहित स्त्रियांनी श्रावणातल्या मंगळवारी करावयाची पूजा आणि त्यानंतर रात्र जागवण्यासाठी खेळावयाचे फुगड्या-झिम्म्यांचे खेळ. २०२३ साली श्रावण हा अधिक मास धरून दोन महिन्यांचा होता, त्यामुळे या चित्रपटाला पंचांगाचेही साहाय्य लाभले: अधिक श्रावणात मंगळागौर पूजली जात नाही, ही उणीव त्या वर्षी चित्रपटगृहांनी भरून काढली. भिशी मंडळे, गृहसंस्थांची महिला मंडळे आणि शाळा सोडून चाळीस वर्षे झालेल्या मैत्रिणी नऊवारी नेसून, नथी घालून, घाऊक तिकिटे काढून आल्या. चित्रपट पाहण्याइतकीच, किंबहुना काकणभर अधिक, तयारी त्यांनी चित्रपटाच्या जाहिरातफलकासमोर उभे राहण्याची केली होती. अशा खेळाला सवयीने जाऊन बसलेल्या पुरुष प्रेक्षकाचे स्थान काय, हा प्रश्न समाजशास्त्राने अद्याप हाताळलेला नाही. व्यवहारात मात्र त्याचे उत्तर चटकन मिळाले, कारण मध्यंतर होताच त्याच्या हातात एकामागून एक भ्रमणध्वनी देण्यात आले आणि “दादा, जरा सगळ्या येऊ देत हं फोटोत” या विनंतीला मान देता देता त्याचा चहा राहून गेला. उत्तरार्धात एखाद्या बहिणीने नवऱ्याला चार शब्द सुनावले, की सभागृहात टाळ्या पडत आणि त्याच वेळी अनेक माना त्या एकाकी पुरुषाकडे वळत. ते शब्द त्याला उद्देशून नाहीत हे ठाऊक असूनही तो खुर्चीत थोडा खाली सरके.

याच दिग्दर्शकाच्या ‘अगं बाई अरेच्चा!’ या २००४ सालच्या चित्रपटात नायकाला बायकांच्या मनातले विचार ऐकू येण्याची शक्ती लाभते. तेव्हा ते दैवी वरदान मानले गेले होते. ‘बाईपण’च्या खेळाला ते तिकिटाच्या दरात समाविष्ट होते. चित्रपट म्हणून त्याच्यात उणिवा नाहीत असे नव्हे. सहा बहिणींना सहा दुःखे समसमान वाटून देण्याच्या खटाटोपात पटकथा एखाद्या वाटणीपत्रासारखी झाली आहे, हे समीक्षकांनी दाखवून दिले आणि ते योग्यच आहे. परंतु घराबाहेर पडण्यासाठी एरवी ज्यांना कारण द्यावे लागते, अशा हजारो स्त्रिया चित्रपट सुटल्यावर दिवाणखान्यात नाचावे तशा दालनात नाचल्या, आणि पुढच्या खेळाचे प्रेक्षक त्यांच्यासाठी थांबून राहिले, ही घटना पटकथेतल्या कोणत्याही प्रसंगाहून सरस होती.

ऐतिहासिक चित्रपटांचा प्रेक्षक याहून भिन्न प्रकृतीचा आहे. त्याला शेवट आधीच ठाऊक असतो, कारण महाराष्ट्रात शिकलेल्या प्रत्येकाने चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकात तो वाचलेला असतो. तरीही तो शेवटपर्यंत खुर्चीच्या कडेवर बसतो. दिग्पाल लांजेकर यांनी शिवचरित्रावरील आठ चित्रपटांची मालिका योजली असून ती ‘शिवराज अष्टक’ या नावाने ओळखली जाते. तिच्यातील ‘पावनखिंड’ फेब्रुवारी २०२२ मध्ये आणि ‘सुभेदार’ ऑगस्ट २०२३ मध्ये आला. पहिल्यात बाजीप्रभू देशपांडे आणि दुसऱ्यात तानाजी मालुसरे या दोन्ही भूमिका अजय पुरकर यांच्याकडे होत्या, त्यामुळे १६६० साली घोडखिंडीत देह ठेवताना ज्यांच्यासाठी सभागृह हळहळले, त्यांनाच १६७० साली कोंढाण्याच्या मोहिमेवर निघालेले पाहून एका ज्येष्ठ प्रेक्षकाने “आता तरी जपून” अशी सूचना केली, असे म्हणतात. ही सूचना इतिहासाला धरून नसली तरी तिच्यातील आपुलकीविषयी शंका घेता येत नाही. कोंढाणा ‘तान्हाजी’ या हिंदी चित्रपटात २०२० साली एकदा सर झालेलाच होता, त्यामुळे नियमित प्रेक्षकाला तिथले कडे, दरवाजे आणि पहारे आता इतके परिचयाचे झाले आहेत, की प्रत्यक्ष सिंहगडावर पिठलं-भाकरी खायला गेल्यावर तो सोबतच्यांना वाट दाखवतो आणि ती बहुधा चुकीची असते.

या खेळांना घोषणा होतात, मुले मावळ्यांच्या वेषात येतात आणि चित्रपट संपल्यावर कोणीतरी गारद देते. गारद म्हणजे महाराजांच्या बिरुदांची ललकारी. ती चालू असताना दाराकडे निघालेला प्रेक्षक जागच्या जागी थिजतो. एका हातात पॉपकॉर्नचा रिकामा डबा, दुसऱ्या हातात झोपलेले मूल आणि चेहऱ्यावर आदरभाव, अशा स्थितीत उभे राहण्याचा सराव मराठी प्रेक्षकाला पूर्वीपासून आहे, कारण खेळापूर्वी राष्ट्रगीत लावण्याची पद्धत महाराष्ट्रातील चित्रपटगृहांनी, सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली देशभर सक्ती करण्याच्या आणि २०१८ च्या आरंभी ती सैल करण्याच्या कितीतरी आधीपासून, पाळली होती. लक्ष्मण उतेकर यांचा ‘छावा’ १४ फेब्रुवारी २०२५ रोजी, म्हणजे व्हॅलेंटाईन दिनी, लागला, तेव्हा मात्र नियोजनात थोडी गफलत झालेली दिसली. त्या दिवशी कोपऱ्यातल्या खुर्च्या ज्या हेतूने आगाऊ राखल्या जातात, तो हेतू संभाजी महाराजांच्या बलिदानापुढे टिकणे शक्य नव्हते. कोपऱ्यातली जोडपी इतरांच्याच बरोबरीने डोळे पुसत बाहेर आली, आणि त्यातल्या काहींनी नंतर आईस्क्रीम खाणेही अप्रशस्त मानले.

आता अशा चित्रपटांकडे वळले पाहिजे, की ज्यांना घोषणा नाहीत, नऊवारी नाही आणि प्रेक्षकही जवळजवळ नाहीत. सभेचे कामकाज वैध ठरण्यासाठी लागणाऱ्या किमान उपस्थितीला ‘गणपूर्ती’ म्हणतात. ही संज्ञा विधिमंडळातली असली, तरी मराठी चित्रपटाच्या सकाळी पावणेदहाच्या खेळाला ती तंतोतंत लागू पडते, कारण पुरेशी तिकिटे खपली नाहीत तर खेळ रद्द होतो आणि पैसे परत मिळतात, मात्र वाहनतळाचे मिळत नाहीत. बहुपडदा चित्रपटगृहांनी मराठी चित्रपटाला मोक्याची वेळ द्यावी, असा निर्णय राज्य सरकारने एप्रिल २०१५ मध्ये घेतला होता. त्यावर बराच वाद झाल्यानंतर ही मोक्याची वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी ऐसपैस करण्यात आली, म्हणजे ज्या वेळेत सामान्य मनुष्य जेवतो, झोपतो, कचेरीत जातो आणि परत येतो, ती सगळीच मोक्याची ठरली. तरीही चांगल्या मराठी चित्रपटाच्या वाट्याला सकाळ का येते, हे नियमित प्रेक्षकाला उमगलेले नाही. त्याने आपला नाश्ता मात्र त्याप्रमाणे अलीकडे घेतला आहे.

कोणत्या चित्रपटाला गणपूर्तीचे संकट येईल, हे ओळखण्याची एक खूण त्याने अनुभवाने शोधून काढली आहे. चित्रपट महोत्सवांतील निवडी आणि पुरस्कार जाहिरातफलकावर दोन पानांच्या डहाळ्यांमध्ये लिहिण्याची पद्धत आहे. अशा डहाळ्यांची संख्या जितकी अधिक, तितकी खेळांची संख्या कमी, हे प्रमाण सहसा चुकत नाही. आशिष बेंडे यांचा ‘आत्मपॅम्फ्लेट’ बर्लिनच्या महोत्सवात जाऊन ऑक्टोबर २०२३ मध्ये इथे लागला. वर्गातल्या मुलीवर जडलेले एका शाळकरी मुलाचे प्रेम आणि त्याच काळात देशात घडणारा इतिहास यांची त्यात जी खोडकर सांगड घातली आहे, तशी मराठीत क्वचितच घातली गेली असेल, आणि ती पाहायला एका खेळाला तीन माणसे होती. रिकाम्या सभागृहातील वर्तन हा स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. दोनशेहून अधिक खुर्च्या मोकळ्या असताना उशिरा आलेला तिसरा प्रेक्षक हातातल्या प्रकाशात तिकीट न्याहाळत वर येतो आणि बसलेल्या दोघांपैकी एकाला “ही बारा नंबरची खुर्ची माझी आहे” असे सांगतो. बसलेला मनुष्यही वाद न घालता उठून अकरावर सरकतो, कारण पैसे मोजून घेतलेल्या क्रमांकाचे पावित्र्य दोघांनाही सारखेच मान्य असते. मग उरलेला संपूर्ण चित्रपट ते एकमेकांच्या कोपरांना अडवत, खेटून पाहतात. अशा खेळात मध्यंतरानंतर एक जण परतला नाही, तर इतरांवर नैतिक दडपण येते. पूर्ण भरलेल्या सभागृहातून उठून जाणे ही आवडनिवड असते. तिघांतून उठणे हे अविश्वासदर्शक मत ठरते.

त्याच शरद ऋतूत, १० नोव्हेंबरला, धनत्रयोदशीच्या दिवशी, आई आणि मूल यांच्या नात्यावरचे दोन मराठी चित्रपट एकाच वेळी प्रदर्शित झाले: सुजय डहाके यांचा ‘श्यामची आई’ आणि सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचा ‘नाळ २’. प्रेक्षक मुळात थोडे, त्यांत दिवाळीची खरेदी, आणि असे असताना दोन निर्मात्यांनी एकच शुक्रवार निवडावा, याला धाडस म्हणावे की भाऊबंदकी, याचा निर्णय करणे कठीण आहे. डहाके यांनी आपला चित्रपट कृष्णधवल ठेवला. आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या ‘श्यामची आई’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठीचे पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले होते, आणि तो पाहिलेले आजोबा-आजी नातवंडांना घेऊन आले होते. नातवंडांची रंगांविषयीची तक्रार आजीने “आमच्या वेळी असेच होते” या एका वाक्यात निकालात काढली. आजोबांनी मात्र चित्रपटभर जुन्या श्यामशी तुलना चालू ठेवली आणि रडण्याच्या प्रत्येक जागी, या जागी मागच्या वेळी आपण अधिक रडलो होतो, असे नोंदवले. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले, तेव्हा ‘श्यामची आई’ सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट, ‘नाळ २’ सर्वोत्कृष्ट बालचित्रपट आणि ‘आत्मपॅम्फ्लेट’साठी बेंडे सर्वोत्कृष्ट पदार्पण करणारे दिग्दर्शक ठरले, आणि त्याबरोबर, त्या सकाळच्या खेळाला तीन खुर्च्यांत जी माणसे मावली होती, त्यांची संख्या निदान काही हजारांवर असल्याचे लोकांच्या बोलण्यातून उघड झाले.

मध्यंतराविषयी विस्ताराने लिहिण्याचे कारण नाही, कारण त्याची किंमत सर्वांना माहीत आहे. बाहेरचे खाद्यपदार्थ आणू द्यायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार चित्रपटगृहाच्या मालकाला आहे, परंतु पिण्याचे पाणी विनामूल्य द्यावे लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. या निकालाचा आदर राखूनही मराठी मध्यमवर्गाने आपल्या पिशव्यांना आतून कप्पे शिवून घेतले. पडद्यावर हळवा प्रसंग चालू असताना भडंगाचा वास पसरतो, तेव्हा तो कोणाकडून येतो हे सर्वांना कळते आणि कोणी बोलत नाही. गुन्ह्यात सहभागी होण्याचा याहून सुगंधी प्रकार नसेल.

सुबोध खानोलकर यांचा ‘दशावतार’ सप्टेंबर २०२५ मध्ये आला आणि गणपूर्तीची चिंता मिटली. दशावतार हे दक्षिण कोकणात आणि गोव्यात देवळांच्या जत्रांमध्ये रात्रभर चालणारे लोकनाट्य असून त्यात स्त्रियांच्या भूमिकाही परंपरेने पुरुषच करतात. त्यातील एका वृद्ध कलावंताची मध्यवर्ती भूमिका दिलीप प्रभावळकर यांनी वयाच्या ऐंशीनंतर ज्या ताकदीने केली, ती पाहून सभागृहातल्या साठीच्या मंडळींनी गुडघेदुखीविषयी बोलणे काही दिवस बंद ठेवले. मुंबईतल्या खेळांना सिंधुदुर्गातले चाकरमानी, म्हणजे नोकरीसाठी मुंबईत राहून मनाने गावी असणारे लोक, मोठ्या संख्येने आले. पडद्यावरची मालवणी कितपत अस्सल आहे, याची तपासणी त्यांनी पहिल्या वाक्यापासून हाती घेतली. कणकवलीचे म्हणणे वेंगुर्ल्याला पटले नाही, आणि मध्यंतरात हा वाद ज्या मालवणीत झाला, ती मात्र निःसंशय अस्सल होती. गावी रात्र रात्र फुकट पाहिलेला खेळ इथे अडीच तासांत आटोपतो आणि त्याला एवढे पैसे पडतात, हाही हिशेब काहींनी मांडला, पण डोळे पुसून झाल्यावर.

‘झिम्मा २’, ‘नवरा माझा नवसाचा २’ अशा दुसऱ्या भागांविषयी नियमित प्रेक्षकाचे मत एवढेच आहे, की पहिला भाग ज्यांच्यासोबत पाहिला त्यांच्यातलेच किती जण आता सोबत येतात, हे मोजण्याची त्यामुळे सोय होते. नवस फेडायला पहिल्या वेळी एस.टी. आणि दुसऱ्या वेळी कोकण रेल्वे, ही प्रगती त्याला मान्य आहे. ‘नाच गं घुमा’ १ मे २०२४ रोजी, महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन साधून, लागला. घरकाम करणारी बाई आणि नोकरी करणारी मालकीण यांच्या या चित्रपटाला आपल्याही मावशींना न्यावे, असे अनेक घरांत ठरले, आणि त्या पगारवाढीचा विषय काढतील या भीतीने ते तितक्याच घरांत रद्दही झाले. मावशी आपापल्या पैशांनी जाऊन आल्या, आणि विषय निघायचा तो निघालाच.

हे सर्व अभिप्राय नियमित प्रेक्षक रविवारी नातेवाइकांना सांगतो. नातेवाईक सोमवारी विचार करतात, मंगळवारी एकमेकांच्या सवडी जुळवतात, बुधवारी कोणाला तरी सर्दी होते, आणि गुरुवारी रात्री पुढच्या आठवड्याचे वेळापत्रक येते, ज्यात त्या चित्रपटाचा शहराच्या दुसऱ्या टोकाला रात्री दहा पन्नासचा एकच खेळ उरलेला असतो. मग ते फोन करून “घरी कधी येणार?” असे विचारतात. हा प्रश्न आपल्याविषयी नसून चित्रपटाविषयी आहे, हे पुरते ठाऊक असूनही नियमित प्रेक्षक त्यांना सांगतो, की खेळ सुटायला दीड वाजेल, जेवायला थांबू नका.